कार्डावरची दुसरी रेघ

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर गरोदर बाईची पहिली तपासणी होते, त्या दिवशी तिला बहुधा दोन सुया टोचल्या जातात. पहिली दंडात. ती धनुर्वात आणि घटसर्प यांच्यापासून वाचवणाऱ्या टीडी लसीची. गावात तिला अजूनही ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’च म्हणतात. दुसरी बोटाच्या टोकाला. तिथून निघालेला रक्ताचा थेंब प्लॅस्टिकच्या छोट्या कार्डावर पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांत कार्डावर रेघ उमटते. एकच रेघ उमटली तर चाचणी नीट पार पडली आणि एचआयव्हीची खूण आढळली नाही. दुसरीही उमटली तर त्या बाईला पुढच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा सिव्हिलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, पाठवतात. उपकेंद्रापासून त्या केंद्रापर्यंतच्या वाटेवर घरच्यांच्या मनात जे प्रश्न उठतात त्यांतला एक अगदी रास्त आहे: आत्ताच घेतलेल्या लसीमुळे तर ही रेघ आली नसेल?

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. लस शरीराकडून प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करून घेते आणि एचआयव्हीची नेहमीची चाचणी रक्तात प्रतिपिंडेच शोधते. या दोन गोष्टी ठाऊक असलेल्या कुणालाही शंका यायलाच हवी. तिचे उत्तरही लहान आहे: असे होऊ शकते, पण क्वचित, थोड्या काळापुरते आणि पहिल्या चाचणीपुरते. मात्र हे उत्तर अर्धे ऐकले तर त्यातून दोन उलट्या दिशांच्या चुका निघतात. कुणी म्हणेल, लस घेतली आहे, आता महिना-दोन महिने चाचणीच नको. दुसरा म्हणेल, रेघ आली ती लसीमुळेच, आता पुढे जायला नको. दोघेही लसीला अवास्तव महत्त्व देतात. दुसरी रेघ दिसल्यावर आधी विचारायला हवे ते वेगळेच: निदान किती चाचण्यांवर केले आणि त्या चाचण्या एकमेकींहून किती वेगळ्या होत्या? लसीचा प्रश्न त्यानंतरचा.

चाचणी नेमके काय शोधते ते आधी पाहू. एचआयव्ही शरीरात शिरला की रोगप्रतिकार यंत्रणा त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या आणि आतल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. कार्डावर त्या प्रथिनांचे कृत्रिमरीत्या तयार केलेले तुकडे एका ओळीत चिकटवलेले असतात. रक्तातली प्रतिपिंडे तिथे येऊन अडकली की रंग धरतो आणि ती ओळ रेघ म्हणून दिसते. म्हणजे कार्डाला विषाणू दिसत नाही, विषाणूला शरीराने दिलेले उत्तर दिसते. प्रयोगशाळेतल्या नव्या, चौथ्या पिढीच्या चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही शोधतात. विषाणूचा जनुकीय ऐवज थेट शोधणारी पीसीआर चाचणी या सगळ्यांहून वेगळी. लसीच्या परिणामाची सगळी चर्चा प्रामुख्याने पहिल्या प्रकाराची, प्रतिपिंडांच्या चाचणीची आहे.

प्रतिपिंड म्हणजे ठरावीक कुलपाचीच किल्ली, असे शाळेत शिकवतात. ते बहुतांशी खरे आहे, पूर्ण खरे नाही. कुठलाही नवा शत्रू किंवा नवी लस आली की पहिल्या आठवड्यांत शरीर जी प्रतिपिंडे घाईने सोडते, ती आयजीएम प्रकारची, मोठ्या आकाराची आणि काहीशी चिकट असतात. त्यांची पकड सैल असते आणि ती नको तिथेही चिकटतात. पुढे निवड होत जाते, नेमकी पकड असलेली आयजीजी प्रतिपिंडे मागे उरतात आणि ही पहिली गर्दी ओसरते. या गर्दीच्या दिवसांत रक्त तपासले तर एखादे चिकट प्रतिपिंड कार्डावरच्या प्रथिनाला, किंवा ते प्रथिन बनवताना त्यात राहून गेलेल्या अशुद्धीला, चिकटू शकते. अशुद्धीची ही गोष्ट एचआयव्ही चाचणीच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये पहिल्या एलायझा चाचणीला परवाना मिळाला. तिच्यासाठी विषाणू मानवी पेशींमध्ये वाढवत आणि मग तो फोडून वापरत. साहजिकच त्या पेशींचे अवशेषही चाचणीत उतरत. ज्या बायकांची अनेक बाळंतपणे झाली होती किंवा ज्यांना पूर्वी रक्त चढवले होते, त्यांच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असायची. ती त्या अवशेषांना चिकटायची आणि चाचणी ‘आहे’ म्हणून सांगायची. विषाणू नव्हताच, चाचणीने पेशी पकडली होती. पुढच्या पिढ्यांच्या चाचण्यांत शुद्ध, कृत्रिम प्रथिने आली आणि हा दोष खूप कमी झाला. शून्य मात्र झाला नाही.

लसीचा संशय ठळकपणे पुढे आला तो १९९१ च्या अखेरीस. अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांना डिसेंबरात असे रक्तदाते आढळू लागले, की ज्यांच्या रक्ताने एचआयव्ही, एचटीएलव्ही-१ आणि हिपॅटायटिस-सी यांपैकी एकाहून अधिक चाचण्यांत प्रतिक्रिया दिली, पण खातरजमा केल्यावर संसर्ग निघाला नाही. एकाच माणसाला हे सगळे विषाणू एकदम होणे संभवत नव्हते. शोध घेतल्यावर धागा सापडला तो फ्लूच्या लसीचा, जी या दात्यांनी त्या हंगामात नुकतीच घेतली होती. पण या घटनेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. पुढच्या हंगामातही लोकांनी फ्लूची लस घेतली. त्या वेळी एचटीएलव्हीच्या चाचणीत खोट्या प्रतिक्रिया दिसल्या, एचआयव्हीच्या चाचणीत तसा प्रकार झाला नाही. दोष एकट्या लसीचा असता तर तो दरवर्षी सारखाच दिसायला हवा होता. लस, त्या वेळच्या चाचणी-संचाची घडण आणि रक्त घेण्याची वेळ, हे तिन्ही जुळून आले तेव्हाच खोटी रेघ उमटली. नव्वदच्या दशकातच रेबीजच्या आणि हिपॅटायटिस-बीच्या लसीनंतरही अशी तुरळक प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली. कुत्रे चावल्यावर आरोग्य केंद्रात सुया घेणारी माणसे आपल्याकडे काही थोडीथोडकी नाहीत, म्हणून रेबीज लसीचा उल्लेख इथल्या वाचकाने लक्षात ठेवावा. पण एकेका रुग्णाच्या नोंदीतून घटना शक्य आहे इतकेच कळते, ती वारंवार घडते असे नाही. मलेरिया, दुसऱ्या विषाणूंचा ताजा संसर्ग, ल्युपससारखे आजार आणि अनेक बाळंतपणे, याही खोट्या प्रतिक्रियेच्या कारणांच्या यादीत आहेत. लस त्या यादीतली एक, आणि फार वरची नव्हे.

खरे तर खोटी रेघ समजून घ्यायला लसीपेक्षा साधे अंकगणित जास्त उपयोगी पडते. भारतातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. समजा, १०,००० जणांची तपासणी केली. त्यांत साधारण २० जणांना संसर्ग असेल आणि चांगली चाचणी त्या सगळ्यांना पकडेल. उरले ९,९८० निरोगी. चाचणी इतकी चांगली आहे असे धरू, की निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्के लोकांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते. तरीही उरलेल्या अर्ध्या टक्क्याचे जवळपास ५० लोक होतात. म्हणजे दुसरी रेघ एकूण ७० जणांची उमटली आणि त्यांतले ५० जण निरोगी आहेत. हे ५० जण लस घेतलेले असोत वा नसोत, आकडा साधारण हाच राहील. जिथे आजार विरळ असतो तिथे उत्तम चाचणीच्याही पहिल्या ‘हो’मध्ये खोट्यांची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त भरू शकते. म्हणूनच या क्षेत्रातली माणसे पहिल्या चाचणीनंतर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वापरत नाहीत, ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात. रिॲक्टिव्ह म्हणजे कार्डाने प्रतिक्रिया दिली. माणसाबद्दल अजून काहीच ठरलेले नसते.

ते ठरवण्याची रीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, आखून दिली आहे आणि ज्वारीच्या मुलखातल्या वाचकाला ती खळ्यावरून चटकन कळेल. मळणी झाली की आधी वाऱ्यावर उफणतात, मग सुपात पाखडतात आणि शेवटी परातीत घेऊन हाताने निवडतात. उफणताना एकच काळजी घ्यायची असते, दाणा उडून जाता कामा नये. थोडा कोंडा मागे राहिला तर चालतो. पण वाऱ्याने जे सुटले नाही ते पुन्हा वाऱ्यावर धरून सुटत नाही. त्याला सूप लागते. आणि दाण्याच्याच वजनाचा खडा सुपालाही कळत नाही, त्याला बोटेच लागतात. लक्षणे नसलेल्या माणसाच्या निदानासाठी आयसीटीसीत ज्या तीन चाचण्या करतात त्यांची मांडणी अशीच आहे. पहिली चाचणी सर्वांत संवेदनशील, एकही खरा संसर्ग न निसटू देणारी. तिने ‘नाही’ म्हटले की काम तिथेच संपते. ‘हो’ म्हटले तर दुसरी आणि तिसरी करतात. या दोन्ही वेगळ्या प्रथिनांवर किंवा वेगळ्या तत्त्वावर बेतलेल्या आणि निरोगी माणसाला चुकून अडकवू नये अशा बेताने निवडलेल्या असतात. लसीनंतरचे एखादे चिकट प्रतिपिंड पहिल्या कार्डावरच्या प्रथिनाला चिकटेल, पण ते दुसऱ्या घडणीच्या दोन्ही चाचण्यांनाही चिकटण्याची शक्यता नगण्य असते. वरच्या उदाहरणातले ५० जण तेवढ्याच चांगल्या पण खरोखर वेगळ्या चाचणीतून गेले, तर खोटा ‘हो’ सरासरीने एकाचाही राहत नाही, तिसरीपर्यंत तर विषयच संपतो. पहिलीने ‘हो’ आणि नंतरच्या दोघींनी ‘नाही’ म्हटले तर अहवाल निगेटिव्ह. पहिली आणि उरलेल्या दोनपैकी एक ‘हो’ म्हणाली तर निकाल अनिर्णित ठरतो आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. ही मधली मुदतही अर्थपूर्ण आहे. संसर्ग ताजा असेल तर तेवढ्यात प्रतिपिंडे वाढून चित्र पक्के होते. लसीनंतरची गर्दी असेल तर ती ओसरू लागते. एकाच मुदतीत दोन्ही शक्यतांची परीक्षा होते.

इथे एक हरकत येते आणि ती टाळून चालणार नाही. काही लसींमुळे एचआयव्हीची चाचणी सरळसरळ रिॲक्टिव्ह येते, मग त्याचे काय? हे खरे आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातच आहे. एचआयव्हीवरच्या लसीची भारतातली पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, सुरू झाली. लस होती एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवलेल्या एचआयव्हीच्या काही जनुकांची. तिच्यातून संसर्ग होणे शक्यच नव्हते, कारण अख्खा विषाणू तिच्यात नव्हता. पण अशा लसीचा हेतूच एचआयव्हीच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकार उभा करण्याचा असतो. ती यशस्वी ठरली, की पुढे त्या स्वयंसेवकाची साधी चाचणी ‘हो’ म्हणू शकते. जगभरातल्या अशा प्रायोगिक लसींच्या २,१७६ निरोगी स्वयंसेवकांचा हिशेब २०१० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यांतल्या ९०८ जणांच्या, म्हणजे जवळपास ४२ टक्क्यांच्या, नेहमीच्या चाचण्या लसीमुळे रिॲक्टिव्ह आल्या होत्या. चिकट प्रतिपिंडाची चूक आणि हा प्रकार एक नव्हे. इथे प्रतिपिंडे खरोखर एचआयव्हीविरुद्धचीच असतात, विषाणू तेवढा नसतो. त्यामुळे दुसरी-तिसरी चाचणीही पुरत नाही, विषाणू थेट शोधणारी पीसीआरच करावी लागते आणि स्वयंसेवकाला हे सगळे आधीच सांगावे लागते.

दुसरे उदाहरण कोविडच्या काळातले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लसीत कोरोनाच्या काट्याचे प्रथिन घट्ट आवळून धरायला एचआयव्हीच्या जीपी-४१ या प्रथिनाचे दोन छोटे तुकडे चिमट्यासारखे वापरले होते. पहिल्या टप्प्यात २१६ स्वयंसेवक होते. त्यांतल्या काहींच्या एचआयव्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्या, पुढच्या तपासण्यांत कुणालाही संसर्ग नाही हे स्पष्ट झाले, आणि तरीही ११ डिसेंबर २०२० रोजी ती लस सोडून देण्याचा निर्णय झाला. सरकारने मागवलेले ५ कोटी १० लाख डोस रद्द झाले. लस धोकादायक निघाली म्हणून हे झाले नाही. देशभर ती दिली असती तर एचआयव्हीच्या तपासणी-यंत्रणेत गोंधळ माजला असता, हे कारण होते. चाचणीवरचा विश्वास जपण्यासाठी एक अख्खी लस बाजूला ठेवली गेली, यावरून त्या विश्वासाची किंमत कळावी. आपल्याकडे या बातमीची सावली कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनवरही पडली, ते चुकीचे होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या ॲडिनोविषाणूवर कोरोनाच्या काट्याचे जनुक आहे आणि कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला कोरोना विषाणू आहे. एचआयव्हीचे प्रथिन दोन्हींत नाही. बाळांना आणि गरोदर बायकांना सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या कुठल्याच लसीत ते नाही.

लसीचा अंश आणि चाचणीचे लक्ष्य एकच असेल तर काय होते, हे हिपॅटायटिस-बीमध्ये स्वच्छ दिसते. त्या आजाराची प्राथमिक चाचणी विषाणूच्या आवरणावरचे प्रथिन शोधते आणि लसीत नेमके तेच प्रथिन असते. म्हणून लस घेतल्यावर १८ दिवसांपर्यंत ही चाचणी तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे थोडे थांबणे शहाणपणाचे. एचआयव्हीला हा नियम जसाच्या तसा लावणे मात्र चूक आहे, कारण इथे लसीत लक्ष्यच नसते. प्रतिपिंड आणि विषाणू यांतला फरक तान्ह्या बाळांच्या तपासणीत आणखी ठळक होतो. एचआयव्ही असलेल्या आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत रेंगाळू शकतात, बाळाला संसर्ग नसला तरी. अशा बाळाच्या कार्डावर दुसरी रेघ येईल, पण ती आईची. म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन विषाणूचा जनुकीय ऐवजच शोधतात. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस आणि पोलिओची लस मिळण्याचे वयही तेच सहा आठवडे. एकाच फेरीत दोन्ही कामे होतात आणि लसीचा त्या तपासणीला अडथळा होत नाही.

आता ‘मग थांबू या का’ या प्रश्नाकडे. खोटी रेघ टाळायला लसीनंतर महिनाभर चाचणी पुढे ढकलावी, हे वरवर समंजस वाटते. हिशेब मात्र उलटा आहे. खोट्या रिॲक्टिव्ह निकालाची भरपाई आणखी दोन चाचण्यांत होते. चुकलेल्या निदानाची होतेच असे नाही. काहीच उपचार झाले नाहीत तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर औषधे सुरू झाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. औषध जितके लवकर सुरू होईल तितके बाळ सुरक्षित. उपकेंद्र लांब असलेल्या वाडीतली बाई एकदा तपासणीला आली की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. लसीसाठी चाचणी सोडणे किंवा चाचणीसाठी लस सोडणे, दोन्हींत ती फेरी वाया जाते. दोन्ही सुया एकाच दिवशी टोचाव्यात.

उलट बाजूची चूक याहून घातक आहे. लसीमुळे खोटी रेघ येऊ शकते हे एकदा कळले, की खऱ्या रेघेलाही तोच बहाणा मिळतो. वरच्या हिशेबातले २० जण आठवावेत. त्यांच्यापैकीही काहींनी गेल्या महिन्यात कुठलीतरी लस घेतलेली असणारच. लस घेतली होती ही माहिती खरी असली तरी तिने संसर्गाची शक्यता पुसली जात नाही. म्हणून ती समुपदेशकाला जरूर सांगावी, निकाल अनिर्णित आला तर तिचा उपयोग होतो, पण तिच्या आधारे स्वतःच निकाल देऊ नये. आणि लस खरा संसर्ग झाकू शकते का? तसे होत नाही. लसीने तयार झालेली प्रतिपिंडे एचआयव्हीच्या प्रतिपिंडांना लपवत नाहीत. निकाल फसवा ‘नाही’ येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घाई, संसर्गानंतर प्रतिपिंडे पुरेशी बनण्याआधीच केलेली चाचणी. हा आंधळा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात आणि त्याचा लसीशी संबंध नाही.

रक्तदानात गोंधळ आणखी वाढतो. शिवजयंतीपासून पुढाऱ्यांच्या वाढदिवसांपर्यंत शिबिरे होतात आणि मागाहून एखाद्या दात्याला रक्तपेढीतून बोलावणे येते. भारतात १९८९ पासून दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे, पण तिथे तीन चाचण्यांची रीत नसते. एक चाचणी रिॲक्टिव्ह आली की पिशवी नष्ट करतात, कारण प्रश्न रक्त घेणाऱ्याच्या जिवाचा असतो. तो निवाडा पिशवीचा. दात्याचा निवाडा आयसीटीसीत तीन चाचण्यांनंतरच होतो. लसीनंतर रक्तदानासाठी काही काळ थांबायला सांगतात, त्यावरूनही लोक उगाच अर्थ काढतात. कोविड लसीनंतर किती थांबावे याचा नियम मार्च २०२१ मध्ये शेवटच्या डोसनंतर २८ दिवस असा होता, रक्ताच्या टंचाईची भीती दिसू लागल्यावर मे महिन्यात तो प्रत्येक डोसनंतर १४ दिवसांवर आणला गेला. जिवंत जंतूंच्या लसींना साधारण २८ दिवस आणि कुत्रे चावल्यानंतरच्या रेबीज लसीला वर्षभर अशा मुदती आहेत. या मुदती दाता आणि रक्त यांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. एचआयव्हीची चाचणी तेवढे दिवस टाळावी असा त्यांचा अर्थ होत नाही.

लसीचा परिणाम खरोखर लक्षात घ्यावा अशी एक तपासणी आहे, पण ती निदान आधीच झालेल्यांची. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या रक्तातला विषाणू मोजतात, त्याला व्हायरल लोड म्हणतात. औषधे न घेणाऱ्या रुग्णांत धनुर्वात किंवा फ्लूच्या लसीनंतर हा आकडा काही आठवडे वर जाऊन पुन्हा खाली आल्याचे नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत दिसले. लसीने जागी झालेली पेशी तिच्यात दडलेल्या विषाणूलाही जागे करते, असे त्याचे स्पष्टीकरण. नियमित औषधे घेणाऱ्यांत हा परिणाम फारसा उरत नाही. तरी एखादा आकडा अचानक वर दिसला तर एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातल्या, डॉक्टरांना अलीकडच्या लसीची तारीख सांगावी. लस मात्र टाळू नये, कारण न्यूमोनिया आणि कावीळ यांचा धोका या माणसांनाच जास्त असतो.

खासगी पॅथॉलॉजीत चित्र निराळे असू शकते. शस्त्रक्रियेआधी किंवा लग्न ठरवताना एकच कार्ड लावून निकाल लिहिला जातो आणि ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांच्या हाती पडतो. यंत्रावर केलेल्या चाचणीचा निकाल आकड्यात येतो आणि तो १ च्या वर गेला की चाचणी रिॲक्टिव्ह धरतात. १ च्या जेमतेम वरचे आकडे बरेचदा खोटे निघतात, खऱ्या आणि जुन्या संसर्गात आकडा बहुधा खूप वर असतो. पण आकडा कितीही असो, एका चाचणीवर निदान करणे चूकच. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीसाठी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक केली आहे, निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि नोकरीसाठी चाचणीची अट घालायला मनाई केली आहे. खोट्या रेघेने संसार मोडतो तेव्हा त्यात लसीचा वाटा क्वचितच असतो. अर्धवट चाचणी आणि सैल जीभ या दोघींचाच तो असतो.

धाराशिव जिल्ह्यात खरी अडचण शेवटी कॅलेंडरची आहे. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतली हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. जाण्याआधी तपासणी झाली, निकाल अनिर्णित आला आणि पुन्हा रक्त देण्याची तारीख चार आठवड्यांनंतरची पडली, तर त्या तारखेला ते कुटुंब कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, कोपीत असते. तिथे तारीख चुकली तर रेघ लसीची होती की विषाणूची, हे कधीच कळत नाही. लसीनंतरची प्रतिपिंडे आपोआप ओसरतात, विषाणू ओसरत नाही. पण दोहोंतला फरक सांगू शकणारी दुसरी चाचणी झालीच नाही तर दोघे सारखेच दिसतात. ती चाचणी धाराशिवलाच व्हायला हवी असे नाही, वाटेतल्या किंवा कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी आयसीटीसीत ती फुकट होते आणि जवळचे केंद्र कुठले हे १०९७ या मोफत क्रमांकावर कळते. दंडाला लस घेतल्याची आठवण चार दिवसांत जाते. समुपदेशकाने दिलेली पुढच्या तारखेची चिठ्ठी मात्र ट्रॅक्टरमध्ये चढताना धान्याच्या डब्यात, पैशांबरोबर, जपून न्यायला हवी.